दारुड्यांची वाघूर

मागच्या हिवाळ्यात हिंगोलीला व्यसनमुक्तीवाल्या मंडळींनी माझा सत्कार केला. शाल दिली. शाल कसली, समोर धरली तर पलीकडचा माणूस ओळखू येत होता. लोकर कातरण्यात जन्म गेलेल्या माणसाला असलं कापड देऊ नये. ते जाऊ द्या. पण भाषण करणाऱ्या साहेबानं माइकवरून सांगितलं, की निजामाच्या काळात या आजोबांनी आपली घोंगडी विकून बेघर आणि व्यसनी लोकांसाठी आश्रम काढला, आणि त्यांना भजनाला लावलं. मी तिथंच उठून उभा राहिलो. तर लोकांना वाटलं, आजोबा टाळ्यांना मान देऊन राहिले. दोघांनी दंडाला धरून मला खाली बसवलं.

म्हणून हे लिहितो. घोंगडी मी विकली नाही. अजून आहे, येऊन बघावी. आश्रम नव्हता. भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, आणि भजन तर अजिबात नव्हतं, कारण आमच्यातल्या एकालाही सूर नव्हता. होती ती वाघूर. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. रानात खुंट्या ठोकायच्या, जाळी ताणायची, आत मेंढरं घालायची. मी दुसरीपर्यंत शाळा शिकलो, तिथं मास्तरापेक्षा माझाच आवाज मोठा होता म्हणून पुढं गेलो नाही. लिहिण्यात चुकेल तर चुकू द्या. सांगण्यात चुकणार नाही.

सगळ्याची सुरुवात दारापासून झाली.

माझी थोरली बहीण, तिला आमी अक्का म्हणायचो, साखऱ्याला दिलेली. दाजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, चांगली बैलजोडीची शेती. पण दाजी शिंदी प्यायचे. गावाबाहेर कलालाचं दुकान होतं, शिंदी विकायचा सरकारी ठेका त्याच्याकडं. दाजींनी आधी घरातली भांडी तिथं नेली, मग पेटी नेली, आणि एक दिवस घराचं पुढचं दार चौकटीतून उचललं आणि डोक्यावर घेऊन गेले. सागवानी, एका फळीचं, पितळी कडीचं दार. कलालानं ते आपल्या दुकानाला लावलं. बराबर बसलं म्हणतात.

संध्याकाळी दाजी झुलत घरी आले, तर अक्का मोकळ्या चौकटीत उभी.

"घरात यायचं न्हाई," ती म्हणाली.

दाजींची एक गोष्ट सांगायला पाहिजे. शुद्धीत असले की हा माणूस मुका. जेवायला बसा म्हटलं तर बसायचा, उठा म्हटलं तर उठायचा, होठ म्हणून हलायचा नाही. पण पोटात शिंदी गेली की उर्दू सुटायची. कधी काळी जमिनीच्या दाव्यासाठी ते हिंगोलीच्या कचेरीच्या ओट्यावर महिनोन् महिने बसले होते, तिथं कानावर पडलेलं सगळं आत साठून राहिलेलं. प्यालेले दाजी कोंबड्यांना हुकूम सोडायचे, म्हशीचा दावा चालवायचे, कुत्र्याला मुद्दत द्यायचे. आणि ही उर्दू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरायची नाही. सकाळी तोंड धुताना सुद्धा तांब्याला जनाब म्हणायचे.

तर त्या संध्याकाळी दाजी चौकटीसमोर छाती काढून म्हणाले, "दरवाजा खोलो!"

"दरवाजा तुमीच नेलाय," अक्का म्हणाली. "आता खोलू काय, माझं कपाळ?"

दाजींनी विचार केला. मग म्हणाले, "मुकदमा खारिज." आणि तिथंच मातीत आडवे झाले.

दार नसलेल्या घरातून बाहेर काढलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला. अक्कानं त्यांची बाज, पटकूर, तांब्या सगळं बाहेर टाकलं. चौकटीला पोतं बांधलं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "आता पोळ्यापर्यंत वाट बघते. तवर न पिता राहिले तर बैलं त्यांच्या हातात देते. न्हाई तर धाकल्या दिराच्या हातात देते, आणि मी लेकरं घेऊन तुझ्या दारात येते. तुझ्याकडं दार तरी हाय."

आमच्याकडं पोळ्याला घरची बैलं तोरणाखालून जो नेतो, तो घरधनी. पाटलापासून महारापर्यंत सगळं गाव बघतं. एकदा का कासरा धाकट्या भावाच्या हातात गेला, की मग वर्षभर बियाणं विचारायचं ते त्याला, नांगर कुठं धरायचा ते त्याला विचारायचं. धाकटा आधीच नवं धोतर शिवायला टाकून बसला होता, असं म्हणतात. धोतर शिवत नाहीत हे मला माहीत आहे. पण तो घाईच तेवढी करून राहिला होता.

मी चावडीवर जाऊन सांगितलं, दाजींना पोळ्यापर्यंत कोरडं ठेवतो, न्हाई तर मिशी काढतो. लोक हसले. माझी मिशी तेव्हा नुकतीच फुटली होती, काढली काय आणि ठेवली काय. पण शब्द तो शब्द.

दाजींना मी माझ्या मेंढरांत आणलं. मला दुसरं काय येत होतं? वैदकी येत नव्हती, मंत्र येत नव्हता. पण भटकणारं जनावर कसं राखायचं हे माझ्या बापानं मला शिकवलं होतं, आणि दाजी भटकणारेच होते. मी सरळ विचार केला. मेंढरू भटकतं कारण त्याच्या पायांना वाट दिसती आणि डोक्यात काही नसतं. दारुड्याचंही तेच. त्याच्या पायांना कलालाची वाट पाठ असती. मग पायांना दुसऱ्या कोणाची तरी वाट द्यायची. माझ्या कळपात एक म्होरक्या होता, काळा बोकड, गळ्यात ही मोठी घाट, म्हणजे घंटा. मेंढरं त्याच्या मागं चालायची. मी दाजींना सांगितलं, "घाटेच्या मागं चालायचं. म्होरक्या चालला की तुमी चालायचं. म्होरक्या बसला की तुमी बसायचं. बाकी काही इचार करायचा न्हाई."

दाजी काही बोलले नाहीत. शुद्धीवर होते.

पहिले काही दिवस वाईट गेले. ते हसण्यावारी नेणार नाही. हातपाय असे कापायचे की जाळी हलायची आणि कुत्री उठायची. अंगावर मुंग्या चढल्या म्हणून घोंगडी झटकत बसायचे, आणि मुंगी एक नव्हती. खाल्लेलं पोटात ठरायचं नाही. मी त्यांना वाघुरीत मेंढरांच्या मधोमध झोपवायचो. एक कानतुटी मेंढी होती, ती कोणालाही जवळ करायची नाही, तीच त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची. मेंढीच्या अंगाची ऊब ओलसर असती, वास येतो, पण त्या उबेला माणूस धरून राहू शकतो. कापायचे थांबले की दाजी तिच्या लोकरीत बोटं घालून झोपायचे. मी बघितलं आहे.

आता आमची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. उन्हाळ्यात शेतकरी आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतो. मेंढरं रात्रभर बसतात, लेंड्या पडतात, रान खताळतं. त्याबदल्यात शेतकरी मेंढक्याला ज्वारी देतो, वर एक वेळचं जेवण. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. दाजी कळपात आले तसे तेही रानोरान बसू लागले. आणि कापणाऱ्या हातांना काम लागतं म्हणून मी त्यांना हराळी खणायला लावलं. हराळीचं गवत जमिनीत खोल जातं, मुळी तुटली की पुन्हा उगवतं. दाजींच्या हातात कुदळ दिली की ते मुळीच्या मागं मागं जायचे, शेवट सापडेपर्यंत थांबायचे नाहीत. असला हट्ट शुद्धीतल्या गड्याला येत नाही.

ही बातमी फुटली. पुसेगावची एक बाई आपल्या नवऱ्याला दावं बांधून घेऊन आली. तो शिंपी होता, शिवायचं यंत्र पिऊन बसला होता, आणि घर भाड्याचं होतं ते मालकानं काढून घेतलं होतं. "याला बी तुमच्यात घ्या," ती म्हणाली.

"बाई, ही मेंढरं हायत."

"मग काय झालं? तो कुठं शहाणा हाय?"

घेतला. मग नरसीच्या देवळाच्या ओट्यावर पडून असलेला एक पैलवान आला. त्याला घर, गाव, काहीच नव्हतं. जत्रेत कुस्ती खेळायला आला आणि कुस्ती झाल्यावर परत जायचं विसरला. अशी मंडळी वाढत गेली. सगळ्यांना एकच कायदा, घाटेच्या मागं. सकाळी म्होरक्या पुढं, मागं मेंढरं, त्यांच्या मागं दारुडे, सगळ्यांत मागं मी आणि कुत्री. लोक रस्त्यावर थांबून नमस्कार करायचे. कोणाला ते कळायचं नाही, पण करायचे.

अक्का आठवड्याच्या बाजाराला जाताना वाघुरीपाशी थांबायची. दाजींशी बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं. म्हणून ती कानतुट्या मेंढीशी बोलायची.

"काय गं, खाल्लंस का? घरी पोतं फाटलं म्हणावं. वारं आत येतं म्हणावं. धाकला रोज येऊन बैलांच्या शिंगावरून हात फिरवतो म्हणावं."

दाजी मेंढीच्या पलीकडं बसून ऐकायचे. मेंढी रवंथ करायची. अक्का भाकरीचं गठुडं मेंढीच्या पाठीवर ठेवायची आणि निघून जायची.

मग घोळ सुरू झाला. साखऱ्याचा एक मोठा शेतकरी माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मेंढरं राहू दे गड्या. माझ्या रानात दारुडे बसव."

मी म्हणालो, "मालक, दारुडे खत देत न्हाईत."

"खत कोण मागतंय? हराळीचा वाफा हाय. तुझे दारुडे बसले त्या रानात गवताची काडी उरत न्हाई म्हणत्यात. दोन वेळचं जेवण देतो. वर पिठलं."

त्याचं बघून दुसरा आला, दुसऱ्याचं बघून तिसरा. दोघं शेजारी तर बांधावर भांडले, आधी दारुडे कोणाच्या रानात. एक म्हणे, माझ्याकडं वरण मिळेल. दुसरा म्हणे, वरणावर तूप. आणि दारुडे तेवढे नव्हते! आता कुठून आणू? माणूस दारू सोडतो तसा तो दारुडा राहत नाही, पण शेतकऱ्याला तर दारुडाच पाहिजे. एक मालक मला तोंडावर म्हणाला, "हे सुधरलेले नको, ताजे दे."

मग ताजे आपोआप येऊ लागले. जेठाचे दिवस, पाऊस लांबलेला, गड्यांच्या हाताला काम नाही. आणि इथं बसल्या जागी भाकरी, पिठलं, वरण. दुपारी एक गडी डोलत डोलत आला, माझ्या पायाशी पडला.

"मला वाचवा मामा. लई पितो."

"कवापासून पितोस?"

"काल सांजपासून," तो म्हणाला. "पण लई मनापासून."

असे किती आले. एक तर वाटेवर नीट चालत यायचा आणि माझी नजर पडली की झुलायला लागायचा. मी पारख ठेवली. म्होरक्याला दारूचा वास सहन व्हायचा नाही, वास आला की फर्रकन शिंकायचा. आलेल्या माणसाला म्होरक्यापुढं उभं करायचं. शिंकला तर आत. न शिंकला तर परत. तर या लोकांनी काय करावं? कलालाच्या दुकानात जाऊन, मुद्दाम चूळ भरून यायला लागले. मी दारू सोडवायला बसलो होतो आणि माझ्यामुळं चांगली चांगली माणसं दारूची चूळ भरू लागली. तेव्हा मी पारख बंद केली. भुकेला आहे म्हटला की घ्यायचा. मग तो पिणारा असो नाही तर न पिणारा, घर त्यालाही नव्हतंच.

कलालाचा धंदा मात्र बसला. चूळ भरणाऱ्यांवर दुकान किती चालणार? पावसाळा आला, पेरण्या झाल्या, आमी रब्बीच्या मोकळ्या रानात हललो, तरी आमचे लोक दुकानाकडं हलेनात. श्रावण सरत आला. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, गावोगाव बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून राहिले होते तेव्हा, कलाल अमीनसाहेबाला घेऊन वाघुरीपाशी आला. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. घोड्यावर होता. मागं दोन शिपाई.

"ये कौन लोग हैं?" अमीनसाहेब म्हणाला.

"मेंढरं हायत साहेब."

"मेंढरां नहीं रे, ये आदमी!"

"ते बी त्यातच हायत."

कलाल पुढं झाला. हात जोडले. "साहेब, माझा ठेका सरकारचा. म्हणजे शिंदी सरकारची. म्हणजे गिऱ्हाईक सरकारचं. यानं सरकारचं गिऱ्हाईक जाळ्यात कोंडून ठेवलंय. हा सरकारी महसुलावर दरोडा हाय साहेब."

अमीनसाहेबानं मिशीवरून हात फिरवला. त्याला हे पटलं, कारण त्याच्यात सरकार हा शब्द पाच वेळा आला होता. त्यानं वाघुरीकडं पाहून विचारलं, यांच्यात पिणारे कोण? सगळे मान खाली घालून उभे राहिले. उन्हाळ्यात आलेला तो मनापासून पिणारा एकटाच हात वर करून म्हणाला, "साहेब, मी कधी थेंब घेतला न्हाई. मी जेवायला आलोय." तर कलाल ओरडला, "हा बी माझाच! रोज चूळ भरायला यायचा!"

शेवटी अमीनसाहेबानं न्याय केला. जाळी काढायची. ज्याला दुकानावर जायचं तो जाईल, ज्याला राहायचं तो राहील. मी आडवं व्हायचं नाही, हाक मारायची नाही, शीळ घालायची नाही. तोंडातून आवाज निघाला तर हिंगोलीच्या कोठडीत. माझ्या दोन्ही बाजूंना शिपाई उभे केले.

मला वाटलं, बरं झालं. जाळी काढा. माझी माणसं जागची हलणार नाहीत.

मी जाळी काढली. आणि कलालानं काय केलं? माणसांकडं पाहिलंच नाही. सरळ म्होरक्यापाशी गेला, त्याच्यापुढं पेंडीचा तुकडा धरला आणि दुकानाच्या वाटेनं मागं मागं सरकू लागला. म्होरक्या निघाला. घाट वाजली. मेंढरं निघाली. आणि मेंढरांच्या मागं माझी सगळी माणसं, शिंपी, पैलवान, दाजी, जेवायला आलेले, एकामागं एक निघाली.

लोक आजही म्हणतात, तुझी तिथं चूक झाली; त्यांना चालायला शिकवलंस, थांबायला शिकवलं नाहीस. मी म्हणतो चूक नाही. मेंढराला थांबायला कोणी शिकवत नाही. म्होरक्या थांबला की ते थांबतं. यात म्होरक्याची चूक आहे.

मी दोन शिपायांच्या मध्ये चाललो होतो. शीळ ओठावर आलेली आणि ओठ दातात धरलेले. पुढं दाजींची पाठ दिसत होती. उद्या पोळा, आणि पाठ कलालाच्या वाटेनं चाललेली. खांदमळणीला घराबाहेर बसलेल्या बाया बघून राहिल्या होत्या. अमीनसाहेब घोड्यावरून बघत होता आणि स्वतःच्या न्यायावर खूश होता.

दुकान आलं. दाराला आमचीच पितळी कडी. कलालानं मडकी बाहेर मांडून ठेवलेली होती, वर प्याले. "घ्या बाबांनो," तो म्हणाला, "आज फुकट."

पैलवानानं घेतली. त्यानं एक घेतली, दुसरी घेतली, मग मडकंच उचललं. त्याला मी दोष देत नाही. त्याला जायला घर नव्हतं आणि न प्यायला कोणी सांगणारंही नव्हतं, माझ्याशिवाय, आणि माझं तोंड बंद. शिंप्यानं दोन्ही हात काखेत घातले आणि डोळे मिटून उभा राहिला. दाजींच्या हातात कलालानं स्वतः प्याला दिला. भरलेला. दाजींनी तो धरला.

तेवढ्यात म्होरक्या नाक वर करून दुकानाच्या मागं गेला. त्याच्यामागं मेंढरं गेली. मागं कुडाच्या आड गवतानं झाकलेले रांजण होते, त्यात मोहाची फुलं कुजत घातलेली. चोरून गाळायची दारू. ठेका शिंदीचा, आणि आतून मोहाचा धंदा. मोहाच्या फुलांपुढं मेंढरू सगळं विसरतं. त्यांनी रांजण कलंडवले आणि त्या आंबलेल्या रेंद्यात नाकापर्यंत बुडून खाऊ लागली. ज्या म्होरक्याला वास सोसत नव्हता, तो शिंकायचा, खायचा, पुन्हा शिंकायचा.

आमी सगळे कुडाशी गेलो. रांजण उघडे. कलालाचा चेहरा राखेसारखा. मी अमीनसाहेबाकडं पाहिलं. तो आभाळाकडं पाहत होता. अशा जागेकडं की जिथं ढग सुद्धा नव्हता. मला तेव्हाच समजलं की हे रांजण त्याला नवे नाहीत.

"बारिश होगी शायद," अमीनसाहेब म्हणाला, आणि घोडा वळवून निघून गेला. शिपाई त्याच्या मागं पळाले. न्याय तसाच राहिला.

इकडं मेंढरं पडायला लागली. एक पाय इकडं, एक तिकडं, मग गुडघ्यावर, मग आडवी. कानतुटी मेंढी दोनदा स्वतःभोवती फिरली आणि डोळे पांढरे करून कोसळली. "मेली!" मी ओरडलो. आता ओरडायला मोकळा होतो. आणि दाजी माझ्या अंगावरून धावत गेले, तिच्याशेजारी बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या सदऱ्यावरून शिंदी ओघळत होती. हातातला प्याला रिकामा होता.

प्याला रिकामा झालेला मी पाहिला. तो कुठं रिकामा झाला, सदऱ्यावर का पोटात, हे मी पाहिलं नाही. देवाशप्पथ पाहिलं नाही.

मेंढरं मेली नव्हती, झिंगली होती. पण चालवणार कशी? प्रत्येकानं एक एक खांद्यावर घेतलं. जो जन्मभर लोकांच्या खांद्यावर घरी आला, तो आज मेंढराला घेऊन चालला. पैलवानानं दोन उचलली आणि दोन्हींच्या मध्ये तोच जास्त झुलत होता. राहिला म्होरक्या. तो जड, आणि लाथा झाडत होता. तेव्हा मी आणि शिंप्यानं दुकानाचं दार चौकटीतून उचललं, आडवं केलं, म्होरक्याला वर घातलं. कलालाला विचारलं नाही. तो रांजणांवर गवत टाकून राहिला होता.

दिवस मावळायच्या आत आमी अक्काच्या घरापुढं आलो. ती पोतं बाजूला करून बाहेर आली. पुढं दाजी, खांद्यावर मेंढी, मेंढीचं डोकं इकडून तिकडं, त्या वजनानं दाजींची पावलं वाकडी, आणि अंगाला शिंदीचा असा वास की उभं राहवेना. मागं तिचं स्वतःचं दार, त्यावर बोकड.

"अक्का, ऐक," मी म्हणालो, "प्याली मेंढरं. दाजी न्हाई."

"काहून खोटं बोलतो रे? मेंढरं पित्यात?"

"बघ की! शिंप्याला इचार! पैलवानाला..." पैलवान तेव्हाच दोन मेंढरांसकट गटारात बसला.

अक्कानं एकदा दाजींकडं पाहिलं. मग म्होरक्याला खाली उतरवायला लावलं, दार घरात घेतलं, चौकटीत उभं केलं, आणि आमच्या तोंडावर लावून टाकलं. इतक्या महिन्यांनी दार आलं आणि तिनं त्याचं पहिलं काम तेच केलं. आतून आवाज आला, "सकाळी बघू."

सकाळी पोळा. बैलं धुतली, शिंगं रंगवली, पाठीवर झुली. धाकटा नव्या धोतरात येऊन कासऱ्यापाशी उभा. दाजी अंगणात, कालच्याच सदऱ्यात, कानतुट्या मेंढीला पाणी पाजून राहिले होते; तिचं डोकं दुखत असावं. आळी जमली. मी पुढं होऊन सगळं सांगायला लागलो, अमीनसाहेब, पेंड, रांजण, ढग.

"तू गप बस," अक्का म्हणाली. "तुझं काय ऐकायचं? तू तर न पिताच बोलतोस."

मग ती दाजींसमोर जाऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मेंढीला सोडून त्यांच्याशी बोलली.

"काल प्याला हातात घेतला व्हता?"

दाजींनी मान हलवली. व्हय.

"प्यालात?"

दाजी गप्प.

"बोला की. प्यालात का न्हाई, सगळ्यांपुढं सांगा."

धाकटा हसला. "वहिनी, कशाला तकलीफ देता? दादा, होऊ द्या एक हुकूम! बैलाला जनाब म्हणा!"

सगळी आळी थांबली. दाजींनी तोंड उघडलं. मी मिशीवर हात ठेवला. आता एक उर्दू शब्द पडला, की सगळं गेलं, बैलं, घर, अक्का. दाजींचे होठ हलले. काहीतरी ओठापर्यंत आलं. त्यांनी अक्काकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. आणि होठ मिटले.

अक्का बराच वेळ उभी राहिली. अजून काही येतं का म्हणून कान देऊन. कोंबडी पायातून गेली. तिला हुकूम नाही. कुत्रं येऊन बसलं; त्याला मुद्दत नाही. मग तिनं पदरानं डोळे पुसले, धाकट्याच्या हातातून कासरा घेतला, आणि दाजींच्या हातात दिला.

बैलं तोरणाखालून गेली. दाजी पुढं होते. काही बोलले नाहीत. बैलांना चला सुद्धा म्हणाले नाहीत. बैलं आपली चालली.

वाघूर त्यानंतर काही वर्षं चालली. पैलवान दोनदा गेला, दोनदा आला, तिसऱ्यांदा गेला तो आला नाही. शिंप्याला अक्कानं ओसरी दिली, त्यानं पोत्यांच्या बंड्या शिवल्या. सत्कारवाल्यांना हे सगळं पाहिजे असेल तर लिहून घ्या. भजन लिहू नका.

दाजी मरेपर्यंत प्याले नाहीत. आणि मरेपर्यंत बोलले नाहीत. कधी मधी अक्का त्यांना घेऊन माझ्या रानात यायची, वाघुरीपाशी त्यांना बसवायची आणि माझ्यावर चिडायची.

"कसला माणूस परत दिलास रे? सकाळपासून एक शब्द न्हाई. भाकरी कशी झाली इचारलं तर माझ्याकडं बघतो. आधी निदान कोंबड्यांशी तरी बोलायचा. ठेव याला मेंढरांत चार दिवस, काहीतरी बोलायला शिकव."

दाजी मेंढीच्या लोकरीत बोटं घालून ऐकून घ्यायचे. आणि दिवस कलला की अक्काच उठायची, "चला," म्हणायची, आणि दाजी तिच्या मागं मागं घरी जायचे.